कसलं कोपर?

१२ जून

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरात पत्र लिहायचं तर आधी कुणीतरी मरावं लागतं, ती रीत मी आज मोडतो आहे एवढंच.

फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास. दुसरंही एक कारण आहे, पण ते किरकोळ आहे.

तीन वर्षं झाली. त्या विषयावर मला काही बोलायचं नाही. तू कारखाना सोडलास तो तुझ्या मर्जीने, मी राहिलो तो माझ्या. अजून त्याच पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, त्याच प्रेस विभागात, सुपरवायझरची तीच निळी टोपी घालून उभा असतो. निवृत्तीला एक वर्ष सात महिने उरलेत. तुझ्या अर्जाची कामगार अधिकाऱ्यांपुढे पुन्हा सुनावणी लागल्याचं कळलं. मी कारखान्याच्या बाजूचा साक्षीदार असल्याने त्यावर काही लिहिणं बरं नव्हे.

तर काम असं आहे. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, कारखान्यातलाच. त्याच्या कानात आवाज येतात. उजव्या कानात बारीक शिट्टी, जणू कुणी फुग्याचं तोंड ताणून हवा सोडतंय. डाव्यात जुन्या फ्रिजची घरघर. हे चोवीस तास. वर बाहेरचे आवाज सहन होत नाहीत ते वेगळंच. बशीत कप ठेवला की दाढेच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं होतं. वर्तमानपत्राची घडी मोडली तरी त्रास. बायको भांडी घासायला लागली की तो बाहेर जाऊन उभा राहतो, आणि बाहेर रिक्षा असतात, म्हणून परत आत येतो.

तू या सगळ्यातून गेला आहेस. म्हणजे, तसं तुझं म्हणणं होतं. तुला कुणी चांगला डॉक्टर सापडला असेल तर त्याचा पत्ता कळव. माणूस गरजू आहे आणि स्वभावाने चांगला आहे.

आशीर्वाद.

तुझा,
दादा


३ जुलै

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. आत कार्ड. कानाच्या दवाखान्याचं नाव, पत्ता, वेळ. मी कार्ड उलटं करून पाहिलं, पाकीट फाडून आतून पाहिलं, शेवटी उजेडातही धरलं. एक अक्षर नाही. तुझी वहिनी म्हणाली, "कशाला शोधताय? भावजींनी मागितलं ते दिलं. तुम्ही मागितलंत का काही दुसरं?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, आणि तू तर भांडं पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असणार. तो ओळखीचा माणूस मीच. स्वभावाने चांगला वगैरे जे लिहिलं होतं तेवढं खोड.

सुरुवात कधी झाली ते मला नीट माहीत आहे, म्हणून सांगायला जड जातं. सहा वर्षं झाली. म्हणजे तू अजून प्रेस विभागात होतास तेव्हा. तू दुपारच्या सुट्टीत येऊन म्हणायचास, "दादा, कानातली शिट्टी थांबतच नाही रे," आणि मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "शिट्टी कशाला, सनई असेल, लग्नाचं वय झालंय तुझं." पोरं हसायची. तू चाळीस वर्षांचा होतास. तेव्हा माझ्या कानात शिट्टी सुरू होऊन चार महिने झाले होते. जे मला आहे ते तुलाही आहे, हे मला कळत होतं. मी ठरवलं की मला नाही, म्हणून मग तुलाही नाही.

फोन न करण्याचं दुसरं कारण आता लिहितो. फोनमधला माणसाचा आवाज मला कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो. तुझा तर जास्तच लागला असता.

दादा


२१ जुलै

प्रिय धाकट्या,

गेलो होतो. वेटिंग रूममध्ये सहा माणसं, सगळी पायांकडे बघत होती. कुणाची चप्पल फरशीला घासली की पाच माना वर व्हायच्या. असा एकोपा मी कुठल्या युनियनमध्ये पाहिला नाही.

कान तपासणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण बोलायला करड्या. त्यांनी मला काचेच्या खिडकीच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." स्वतः बाहेर यंत्राशी, माझ्याकडे एका अंगाने बसल्या.

आता तुला वेगळं सांगायला नको. पण मला लिहू दे, कारण मी हे आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

दर वर्षी कारखान्यात कान तपासणारी गाडी यायची. तिच्या आदल्या आठवड्यात मी प्रेसवाल्यांना चहाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये गोळा करायचो आणि शिकवणी घ्यायचो. तपासणारा माणूस यंत्राची कळ दाबताना त्याचं कोपर हलतं. खिडकीतून कोपराकडे बघायचं. हललं की मनात एक-दोन म्हणायचं आणि बटण दाबायचं. लगेच दाबायचं नाही, संशय येतो. मधली दोन-चार सोडून द्यायची, कारण पैकीच्या पैकी देवालाही पडत नाहीत. मी स्वतः उलट्या खोक्यावर बसून कोपर हलवायचो आणि तुम्ही बोटं वर करायचात. नापास झालेल्याला पॅकिंगमध्ये टाकत, प्रेसचा भत्ता जाई, म्हणून सगळे मला दुवा देत. तू पहिल्या रांगेत असायचास. तुझं बोट कायम किंचित लवकर वर जायचं आणि मी तुला खडा मारायचो.

त्या दिवशी त्या खोलीत मी बरा व्हायला गेलो होतो. माझी फी भरून, माझ्या पायांनी. आणि बाईंचं कोपर हललं तसं मी मनात एक-दोन म्हटलं आणि बटण दाबलं. कानाला काही कळलं नव्हतं. हाताला कळलं होतं.

पाच मिनिटांनी बाई उठल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "खुर्ची फिरवा. भिंतीकडे तोंड करा."

"का?"

"तुम्ही माझ्याकडे बघून ऐकताय."

भिंतीकडे तोंड करून बसलो. शाळेतसुद्धा कधी बसलो नव्हतो. आणि मग काही सुचेना. हेडफोनमधली शिट्टी कुठली आणि माझी घरची कुठली? एखादी आली असं वाटायचं, दाबायचो, तर ती माझीच. दाबू का नको करत घाम फुटला. कागद आला तेव्हा वरच्या पट्टीतली रेघ जिन्यावरून गडगडल्यासारखी खाली गेलेली होती.

बाई कागद बघत म्हणाल्या, "ही कोपराची सवय मी आधी एकाकडे पाहिली होती. त्यांचीही खुर्ची फिरवावी लागली. विचारलं कुठे शिकलात, तर म्हणाले, घरच्यांनी शिकवलं."

मी म्हणालो, "असं का."

तू माझं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर मला तुझा राग तरी करता आला असता.

दादा


९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

उपचार सुरू आहेत. तुला सगळं माहीत असेल, तरी सांगतो. कानामागे एक शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलंय. त्यातून दूर कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखी बारीक सळसळ येत राहते. कापूस, बोळे सगळं काढायला लावलं. मी म्हणालो, बाई, आवाजाने जीव जातोय आणि तुम्ही आणखी आवाज देताय? म्हणाल्या, "तुमच्या कानांनी तीस वर्षं मार खाल्लाय. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मेंदूने आतलं बटण पूर्ण वर करून ठेवलंय. वर शांततेत कोंडलंत तर टाचणी पडली तरी बोंब मारेल."

"शिट्टी जाईल का?"

"शिट्टी राहील. तुम्ही तिची वाट बघायचं थांबवाल."

"किती दिवसांत?"

"दिवसांत नाही."

घरी रोज सकाळी दहा मिनिटं व्यायाम असतो. तुझी वहिनी समोर बसून लाकडी चमचा कपाला लावते. मग प्लास्टिकचा. दोन आठवड्यांनी स्टीलचा येणार आहे आणि मी त्याची अशी धास्ती घेतली आहे की जणू कुणी वाघ आणतोय. काल तिने चमचा जरा जोरात लावला आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. बत्तीस वर्षांत तिला ते मी कधी म्हटलं नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला, पदराने कप पुसला आणि म्हणाली, "भावजी हे सगळं एकटेच करत होते ना?"

मी कानामागचं यंत्र चाचपायला लागलो.

"आणि तुम्ही त्यांच्या मागे झाकण टाकलं होतं."

मला वाटलं होतं ती विसरली. बायका विसरतात असं आपण पुरुषांनी सोयीसाठी ठरवलेलं असतं.

तू आमच्याकडे जेवायला होतास. पाठमोरा, भिंतीजवळ. कानात कापूस होता. मी तिला डोळ्यांनी खूण केली, बघ आता, आणि पातेल्याचं सगळ्यात मोठं झाकण तुझ्या मागे फरशीवर सोडलं. ते हातातून निसटलं नव्हतं, मी सोडलं होतं. तुझं नाटक उघडं पाडायला. तू घास तोंडात घेऊन तसाच भिंतीला चिकटलास, दोन्ही हात कानांवर, आणि घास खाली पडला. झाकण बराच वेळ फिरत राहिलं. ते थांबल्यावर मी म्हणालो, "बघ, काय कलाकार आहे."

तू तो घास उचललास आणि ताटाच्या कडेला ठेवलास. मग जेवण पुरं केलंस. पुरं का केलंस ते मला तेव्हा कळलं नाही. वहिनीला वाईट वाटू नये म्हणून केलंस.

ती अजून चमच्याचा व्यायाम घेते. माझ्याकडे न बघता.

दादा


३० ऑगस्ट

धाकट्या,

आज जे लिहितोय ते वाचून तू आधीची पत्रंही फाडशील. फाड.

परवा गाडी आली होती. कान तपासायची. दर वर्षीची.

तुला वाटेल, आता हा शहाणा झाला असेल. मलाही वाटलं होतं. पण सोमवारी मॅनेजरनी बोलावलं. समोर तुझ्या सुनावणीची नोटीस. म्हणाले, "बावीस सप्टेंबर. मागे सांगितलंत तेच सांगायचंय, पाठच असेल. आणि गाडी येतेय, तयारी बघून घ्या. तुमच्यासारखा तयारी करून घेणारा माणूस निवृत्तीनंतरही आम्ही सोडणार नाही, दोन वर्षं ठेवून घेऊ." हसले. म्हणजे त्यांना माहीत आहे. बहुधा पहिल्यापासून माहीत होतं, मीच आपला मोठी चोरी करतोय अशा आवेशात होतो.

मी बाहेर आलो आणि चहाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये खोक्यावर बसून कोपर हलवलं. अकरा माणसं समोर. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, टोपी खाली ओढली होती. एक-दोन, दाबा. एक-दोन, हे सोडून द्या. मी अजून चांगला शिकवतो, धाकट्या. हात बसलेला आहे.

मग माझी स्वतःची पाळी आली. गाडीतल्या त्या पेटीत बसलो आणि या खेपेला भिंतीकडे तोंड करायला सांगायला कुणी नव्हतं. माझ्या कानांना 'उत्तम' असा शेरा मिळाला आहे. कागद या क्षणी माझ्यासमोर आहे. शेजारी बाईंचा कागद ठेवलाय, जिन्यावरून गडगडलेल्या रेघेचा. दोन्हींवर नाव माझंच. एखाद्याचं दोन बायकांशी लग्न उघडकीला यावं तसा मी त्या दोन कागदांकडे बघत बसलोय.

संध्याकाळी चार नंबरच्या प्रेसवरचा आला. तू गेल्यावर तुझ्या जागेवर आलेला तो. चाळिशीचा, घरी दोन मुली. इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, एक विचारू? माझ्या कानात किडा ओरडल्यासारखं होतं. थांबतच नाही. पण मी पास झालोय ना? म्हणजे काही नसेल, हो ना?"

त्याला धीर हवा होता. मी दिला. म्हणालो, "पास आहेस म्हणजे काही नाही."

त्याने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे झालं, साहेब."

मी घरी आलो आणि जेवलो. हेही लिहून ठेवतो. दोन वेळा वाढून घेतलं.

दादा


१६ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

सुनावणीला सहा दिवस आहेत. मी तुला लिहिणार होतो की मी खरं सांगेन. चार वेळा लिहून कागद फाडला, कारण खात्री नाही. मी कसा आहे ते तुला माहीत आहे. माणूस घरच्या कागदावर शूर असतो.

खरं सांगितलं तर काय होईल ते मोजून बघितलं. सहा वर्षं तपासण्यांच्या तक्त्यांखाली 'माझ्या देखरेखीत' म्हणून सही माझी आहे. नोकरी जाईल. निवृत्तीला सोळा महिने असताना गेटवर टोपी काढून द्यावी लागेल. ज्यांनी माझे हात धरले ते सगळे पुन्हा तपासायला लागतील, आणि निम्मे प्रेसवरून उतरतील. ते मला शिव्या देतील. त्यांच्या बायका तुझ्या वहिनीला बाजारात ओळख दाखवणार नाहीत.

नाही सांगितलं तर? तुझा कानांच्या भरपाईचा अर्ज या खेपेला बाद झाला की कायमचा बाद. 'कानांत कोणताही दोष नसताना खोटी तक्रार', असा तुझ्या नावावरचा शेरा तसाच राहील. ज्या कारखान्यात जाशील तिथे तो तुझ्याआधी पोचेल. तीन वर्षं पोचतोच आहे, आपली ताई म्हणाली. ती म्हणाली की तू आता एका गोदामात रखवालदार आहेस. प्रेसवर तुझ्याएवढा हात कुणाचा नव्हता. डब्याच्या तळाची कड बघून तू सांगायचास कुठला साचा झिजलाय.

काल बाईंकडे गेलो तेव्हा सहज विचारलं, एखाद्याला हा त्रास आहे हे दुसऱ्याला कधी कळतं? म्हणाल्या, "स्वतःला झाल्यावर." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तेव्हाही ते मान्य करायला वेळ लागतो, असं दिसतंय."

तुझ्या वहिनीला विचारलं, मी काय करू? चमचा खाली न ठेवता म्हणाली, "मला कशाला विचारता? मी नको म्हणावं, म्हणजे तुम्हाला सुटका, असंच ना?"

असंच होतं. हो.

दादा


२४ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तू समोर होतास, तरी लिहितो. तू तिथे माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, त्यामुळे तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही. मी काय पाहिलं ते सांगतो.

मॅनेजर माझ्या शेजारी बसले होते, आफ्टर शेव्हचा वास येत होता. अधिकाऱ्यांनी मागच्या वेळची माझी साक्ष वाचून दाखवली. तीन वर्षांपूर्वीची ती खोली, सगळी माणसं. तू उठून म्हणाला होतास, "दादा, सांग ना यांना कोपराचं." ते शब्द कारकुनाने जसेच्या तसे लिहून घेतले होते. त्याखाली माझं उत्तर: "कसलं कोपर?" त्याखाली कंसात 'हशा'. मी त्यानंतर काय विनोद केला होता तेही होतं, कानात वारं शिरलेल्या वासराचा. अधिकारी तो वाचताना थांबले आणि त्यांनी तो मनातल्या मनात वाचला. परक्या माणसाला माझी लाज वाटली.

"आजही हेच म्हणणं आहे?"

मी उभा राहिलो. मॅनेजर पुटपुटले, "पाठ आहे ना?" आणि मी म्हणालो, "नाही साहेब. कोपर होतं."

"म्हणजे?"

सांगायला गेलो तर कुणाला समजेना. अधिकारी म्हणाले, करून दाखवा. मग मी कारकुनाला खुर्ची आडवी करून बसवलं, हातात पेन दिलं, म्हटलं, वाटेल तेव्हा टेबलावर टेकवा. स्वतःचे कान बोटांनी बंद केले. आणि त्याच्या कोपराकडे बघत पन्नाशी उलटलेला मी त्या सगळ्यांसमोर पोरासारखं एक-एक बोट वर करत गेलो. बारापैकी बारा. दोन सोडून द्यायचे तेही विसरलो.

कुणी हसलं नाही.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"भावालाही?"

"आधी त्यालाच."

"मग मागच्या वेळी कसलं कोपर का म्हणालात?"

वाटेत मी या प्रश्नाला बरंच मोठं उत्तर तयार केलं होतं. माणसांचं भलं, भत्ता, सगळ्यांची घरं. उभा राहिल्यावर त्यातलं काही सापडेना. जे होतं तेवढं म्हणालो. "चार नंबरच्या प्रेसवर माणूस कमी पडला असता, साहेब. त्या महिन्याचा माल काढायचा होता."

"एवढंच?"

"एवढंच."

तेव्हा तू खाली बघत होतास. तुझ्या मानेवर केस पांढरे झालेत. मला माहीत नव्हतं.

मी दोन्ही कागद दिले, 'उत्तम' आणि बाईंचा. सही केली. आणि कारकुनाने कार्यालयाचा शिक्का उचलला आणि त्यावर हाणला. तुला माहीत आहे पुढे काय झालं. धप्प झालं, आणि टेबलाच्या या टोकाला माझे दोन्ही हात कानांवर होते आणि त्या टोकाला तुझे. एकाच क्षणी. डोळे मिटलेले, खांदे वर, तोंड एका बाजूला ओढलेलं, आईची जशी जिवणी व्हायची तशी. मी डोळे उघडले तेव्हा अधिकारी आधी माझ्याकडे, मग तुझ्याकडे बघत होते. त्यांनी कारकुनाच्या हातातला शिक्का काढून घेतला आणि उरलेल्या कागदांवर स्वतः, हळू दाबत, शिक्के मारले. वहीत काहीतरी लिहिलं. तुझा अर्ज मान्य झालाय हे कागदावर यायला महिना लागेल, पण मला वाटतं तो त्या क्षणी झाला.

मला काल कामावरून थांबवलं. टोपी गेटवर ठेवली. चार नंबरवाला आत होता. मी खुणेने त्याला बाहेर बोलावलं आणि तुझं ते कार्ड दिलं. त्याने घेतलं, पण या खेपेला हात धरले नाहीत. "मला पास सांगितलंत तुम्ही," एवढंच म्हणाला. मी मान हलवली. तो कार्ड बघत उभा राहिला, मी चालायला लागलो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

सुनावणीनंतर सगळे पांगले. मॅनेजर खुर्ची फरशीवर करकरत ओढून गेले, ती करकर मी भोगली. त्या खोलीत शेवटी मी आणि तू उरलो. मी वाट बघत होतो. तू शिवी देशील, थुंकशील, काहीतरी बोलशील. मी तेवढ्याच लायकीचा आहे आणि तेवढं मला झेपलं असतं. तू कागद गोळा केलेस, पिशवीत घातलेस आणि दाराकडे गेलास. ते लोखंडी चौकटीचं दार आहे, दिवसभर जो तो त्याला सोडून देत होता आणि दर वेळी माझ्या डोक्यात घण पडत होता. तू बाहेर पडलास, वळलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. डावा तळवा चौकटीला लावलास, उजव्याने कडी उचलून धरलीस, आणि दार इतकं सावकाश लावलंस की ते लागल्याचं मला आवाजावरून कळलं नाही, फटीतला उजेड गेला तेव्हा कळलं.

बाहेरच्या बाकावर तुझी वहिनी बसली होती. ती आत आली, मला बघितलं आणि विचारलं, "भावजी काही बोलले?"

मी म्हणालो, नाही.

खरं तेच होतं. पण मी तोंडावर हात धरून बसलो होतो आणि तिला ते पटलं नाही.

दादा